पर्जन्यमापकात बर्फ पडला तर मोजायचा कसा? हीटर बसवू का?

उद्यमनगरवाला
नमस्कार मंडळी. उद्यमनगरात आमचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. ऊसवाल्या शेतकऱ्यांसाठी टिपिंग बकेटचे पर्जन्यमापक करून देतो. फनेलचं तोंड 200 मिमी व्यासाचं, आत दोन खणांची वाटी. 6.28 मिली पाणी साठलं की वाटी कलंडते आणि 0.2 मिमीची नोंद होते. गगनबावड्याच्या झडीत जरा कमी मोजतो, ते कॅलिब्रेशन करून सावरतो.

हिमाचलातल्या नारकंड्याकडच्या एका सफरचंदवाल्यानं एक नग नेला. जानेवारीत तिकडं फूटभर बर्फ पडला आणि नोंद शून्य! दुसऱ्या दिवशी कडक उन्हात 9 मिमी 'पाऊस'. गिऱ्हाईक म्हणतंय यंत्र बाद आहे. फनेलला हीटर लावून देऊ का? आम्ही बर्फ बघितलाय तो उसाच्या रसातला.

रंकाळा_कट्टा
ऊन पडलं की पाऊस दाखवतंय? नाद खुळा! पेटंट घे भावा.

माजी_सुभेदार_कागल
यंत्र ठणठणीत आहे, पाहुणं. फनेल बर्फानं भरलं, वरचा वाऱ्यानं उडाला, राहिलेला उन्हात वितळून वाटीत आला. वेळही चुकली आणि मापही.

काश्मीरात एका चौकीवर रोज सकाळी बर्फ मोजायचं काम माझ्याकडं होतं. बर्फ किती उंच पडला हे एक आणि त्यात पाणी किती हे दुसरं. गिऱ्हाइकाला नेमकं काय पाहिजे ते आधी विचारा. ढोबळमानानं 10 सेमी बर्फाला 1 सेमी पाणी धरतात, पण त्यावर जाऊ नका. कडाक्याच्या थंडीतला बर्फ रव्यासारखा मोकळा असतो, तो 20 सेमी वितळला तरी 1 सेमीच पाणी. ओला बर्फ 5 सेमीतच तेवढं देतो. म्हणजे त्या फूटभरात 15 मिमी असेल नाहीतर 60.

प्लायवूडची 40 सेमी चौरस फळी घ्यायची आणि पांढरी रंगवायची. गडद रंगाची उन्हात तापते, खालनं बर्फ वितळतो. ती वाऱ्याच्या आडोशाला सपाट ठेवायची, शेजारी काठी रोवायची, नाहीतर सकाळी फळीच सापडत नाही. पट्टीनं तीन-चार ठिकाणी उंची घ्यायची. मग पत्र्याचं नळकांडं सरळ खाली दाबून तेवढाच बर्फ उचलायचा आणि वजन करायचं. 10 सेमी व्यासाच्या नळकांड्यात 78.5 ग्रॅम भरला की 10 मिमी पाणी. शेवटी फळी झाडून नव्या बर्फावर पुन्हा मांडायची. एवढं केलं की गिऱ्हाइकाला घरबसल्या यंत्राचा आकडा ताडून बघता येईल.

मिनेसोटातला_मिरजकर
सुभेदारसाहेबांना सलाम. एक भर: फळी सारखी झाडू नका. बर्फ आपल्याच वजनानं बसत जातो, त्यामुळं तासातासाला मोजून बेरीज केली की आकडा फुगतो. इथल्या हवामान खात्याचा नियम सहा तासांतून एकदाच, म्हणजे दिवसात फार तर चार वेळा.

हीटर चालतो, पण जेमतेम शून्याच्या वर ठेवा. फनेल जास्त तापलं की पाणी वाफ होऊन जातं आणि वर चढणारी गरम हवा हलके कण बाहेर ढकलते. शिवाय 30 मिमी पाण्याइतका बर्फ तुमच्या फनेलमध्ये वितळवायला साधारण 315 किलोजूल लागतात. 50 वॅटचा हीटर पावणेदोन तास चालला पाहिजे, तोही सगळी उष्णता बर्फालाच मिळाली तर. सोलर पॅनलवर हे जमणार नाही.

त्यापेक्षा वजनाचा मापक करा, उद्यमनगरात लोडसेलची (वजनकाट्यातल्या सेन्सरची) काय कमी? खोल डबा, त्यात अँटिफ्रीझ (पाणी गोठू न देणारं द्रावण) आणि वर तेलाचा पातळ थर, म्हणजे वाफ होत नाही. तुमच्या मापकाच्या 200 मिमी तोंडाला 1 मिमी पाणी म्हणजे 31.4 ग्रॅम.

खरा चोर मात्र वारा. जोराच्या वाऱ्यात उघड्या मापकात निम्माही बर्फ पडत नाही. जागतिक हवामान संघटनेच्या, तुलनेसाठी प्रमाण मानलेल्या मापकाभोवती तर लाकडी पट्ट्यांची दोन कुंपणं असतात, बाहेरचं 12 मीटर व्यासाचं. तुम्ही निदान पत्र्याच्या पट्ट्यांचं एक कडं लावा.

उद्यमनगरवाला
लई उपकार झाले. हीटर रद्द, लोडसेल बघतो. त्या पट्ट्या कड्याला वेल्ड करायच्या की सैल ठेवायच्या?

मिनेसोटातला_मिरजकर
वर टांगायच्या, खाली मोकळ्या. वाऱ्यानं हलत राहिल्या की त्यांच्यावर बर्फ साचत नाही.