फ्रेंचमध्ये माणसाचं वर्णन: मुलं बोलताना बायकांनाही पुरुष करून टाकतात

विश्रामबागची_मादाम

नमस्कार मंडळी. मी सांगलीत घरीच फ्रेंच शिकवते. हॉलमध्ये सतरंजी, एक पांढरा फळा आणि सात जण. सहा नववी-दहावीतले. सातवे एक काका, साखर कारखान्यातून रिटायर झालेले. मुलगी लियाँला दिलीय, विहीणबाईंशी चार वाक्यं बोलता यावीत म्हणून येतात.

सध्या माणसांचं वर्णन चालू आहे. विशेषणांच्या पुल्लिंग-स्त्रीलिंगाचा तक्ता सगळ्यांचा पाठ. ग्रां-ग्रांद (उंच), प्ती-प्तीत (बुटका-बुटकी), पाढ्यासारखं घडाघडा म्हणतात. आणि 'बहिणीबद्दल सांग' म्हटलं की 'मा सर ए ग्रां'. झाली बहीण पुल्लिंगी!

परवा गुरुवारी तर एक जण म्हणाला, 'मा ग्रांमेर ए ब्रून.' मी खूश, लिंग बरोबर आलं. सहज विचारलं, आजींचे केस अजून काळे आहेत? 'नाही मादाम, पांढरेफेक. पण रंगानं सावळी आहे ना.' आता 'ब्रून' म्हटल्यावर फ्रेंच माणूस आधी केसच बघणार. तसं सांगितलं, तर मागून प्रश्न, 'मग सावळीला काय म्हणायचं? आणि गोरीला ब्लांश, म्हणजे पांढरी, चालेल?' घड्याळ बघून वेळ मारून नेली.

तोंडात बसेल असं कसं शिकवता तुम्ही? तक्ते नकोत, ते माझ्याकडे पोत्यानं आहेत.

हरिपूरचं_पेव

मादाम, पुस्तक इंग्रजीतून समजावणारं असणार तुमचं. इंग्रजीत विशेषण बदलतच नाही, म्हणून ते पुस्तक या गोष्टीचा बाऊ करतं. आपल्या पोरांना काय त्याचं? काळा-काळी, बुटका-बुटकी हे ती बोलायला लागल्यापासून करतायत. आणि उंच, हुशार, सुंदर बदलत नाहीत, हेही कुणी न शिकवता येतं. फ्रेंचमध्येही तसेच दोन ढीग करा. झन, मँस, तिमीद म्हणजे तरुण, सडपातळ, लाजाळू. हे ऐकायला दोन्हीकडे सारखे, आपल्या 'हुशार'सारखे. बाकीचे 'काळा-काळी'च्या ढिगात.

या दुसऱ्या ढिगाला मी उलटीकडून हात घालतो. आधी बाई. ग्रांद, प्तीत, ग्रोस (जाडी). मग शेवटचं व्यंजन गिळलं की पुरुष तयार: ग्रां, प्ती, ग्रो. पुरुषाकडून निघालं तर पोरांना कळत नाही शेवटी त लावायचा, द लावायचा की स. गाळायला मात्र डोकं लागत नाही. बेल-बो (सुंदर) आणि व्हिएय-व्हिय (म्हातारी-म्हातारा) यात बसत नाहीत, ती पाठच करायची.

अजून एक गंमत. 'पेर्सोन' हा शब्द बाप्याबद्दल वापरला तरी स्त्रीलिंगीच राहतो. मुलांना विचारा, 'माझे बाबा चांगला व्यक्ती आहे' म्हणाल का? व्यक्ती चांगलीच असते. वर्ग हसतो आणि पुन्हा सांगावं लागत नाही.

मिरजमार्गे

पेवराव, सगळीकडे मराठी कामाला येत नाही. खरी आदळआपट 'आहे'वर होते. 'तिचे केस लांब आहेत' म्हणून पोरं 'एल ए ले शव्हो लाँ' करतात. आपल्याकडे 'जवळ असणं' दाखवणारं वेगळं क्रियापदच नाही, सगळा भार 'आहे'वर. माझी युक्ती सांगते. मराठी वाक्यात माणसाला 'ला' किंवा 'चा-ची-चे' लागला की फ्रेंचमध्ये 'आ', म्हणजे 'जवळ आहे'. त्याला मिशी आहे, तिचे डोळे काळे आहेत, तिचं वय पंधरा आहे, तिन्हीकडे आ. माणूस नुसताच आला, तो उंच आहे, ती लाजाळू आहे, की 'ए', म्हणजे नुसतं 'आहे'. शंभर टक्के नाही चालत, पण पहिले दोन महिने निभतं.

रंगाबद्दल विचारलंय म्हणून. 'एल आ ल तँ मात' म्हणजे सावळा वर्ण, 'ल तँ क्लेर' म्हणजे उजळ. पण मी स्वतः हे सुरुवातीला शिकवत नाही. माणूस सांगायचा म्हटलं की आपल्या तोंडात वर्ण पहिला येतो, स्थळं बघून बघून लागलेली खोड आहे ती. केस, डोळे, चष्मा, उंची, स्वभाव, एवढ्यावर कुणीही ओळखू येतो.

दहावीची_आई

पोरीला डेल्फ ए-वन, फ्रेंचची पहिल्या पातळीची परीक्षा, द्यायची आहे. त्यात बोलायचा भाग पाच ते सात मिनिटांचा, तयारीला दहा मिनिटं. एवढ्यात हे ढीगबिग आठवतील का हो? तिला घरच्यांवर सहा वाक्यं पाठ करायला सांगितलीत.

हरिपूरचं_पेव

ताई, पाठ केलेलं पहिल्या उलट्या प्रश्नाला ढेपाळतं. 'आणि तुझा भाऊ?' म्हटलं की पोरगी भावाला ग्रांद करून मोकळी होईल.

विश्रामबागची_मादाम

दहा दिवसांनी लिहितेय. बाई-आधी केलं. ओळखा-पाहू खेळलो, माझ्या मनात स्मृती मानधना. झन, स्पोर्तीव (खेळाडू), 'एल आ ले शव्हो नवार' (तिचे केस काळे आहेत) इथपर्यंत कुणाला पत्ता नाही. मी 'एल ए गोशेर', डावखुरी, म्हटलं आणि डावा हात फिरवला, तर सगळा हॉल ओरडला. सांगलीची पोर आहे, ओळखणार नाहीत तर काय. मग डावखुरा भाऊ कसा सांगाल विचारलं, तर तीन जणांनी आपण होऊन शेवटचा र गाळला: गोशे. तक्त्याचं नाव नाही.

मिरजमार्गे, तुमचं 'ला, चा-ची-चे' फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलंय, पुसत नाही.

पण पेवराव, तुमच्या त्या ग्रोस-ग्रोनं घात केला. काकांनी रविवारी लियाँला व्हिडिओ कॉलवर विहीणबाईंना बायकोची ओळख करून दिली: 'मा फाम ए प्तीत ए ग्रोस.' दोन्ही स्त्रीलिंगं चोख. आपल्याकडे 'बुटकी आणि जाडी' म्हटल्यावर जे होईल तेच पलीकडे झालं. विहीणबाई गप्प, मुलगी तोंडावर हात धरून हसतेय. काकू शेजारीच बसून मान डोलवत होत्या, त्यांना फ्रेंच येत नाही. काका मला विचारतात, 'मादाम, चुकलं कुठं?'

पुढच्या तासाला 'अँ प रोंद' घेतेय, जराशी गुबगुबीत. काका म्हणालेत, तोवर फोन करत नाही.