किडे खरंच कमी झाले, की आपल्यालाच दिसेनासे झाले? मोजायचं कसं?

टिपणवही
पूर्वी दिव्याखाली सकाळी पंखांचा खच पडायचा, गाडीची काच चिलटांनी भरायची, ओल्या गवतात काजवे लुकलुकायचे. आता यातलं काहीच नाही, असं साठीच्या पुढचा जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. लेखी नोंद मात्र सहसा कोणाकडे नसते. अशा आठवणींना पुरावा म्हणून किती किंमत द्यावी? आणि आजपासून मोजायचं ठरवलं, तर पुढे कोणी खोडून काढणार नाही अशी घरगुती पद्धत कोणती? शास्त्रीय नावं ओळखता येत नाहीत, हे गृहीत धरून सांगा.

रातवा
दिव्याची आठवण सगळ्यात कच्ची. चहूकडे अंधार असला की एकटा दिवा भाव खातो. तिथेच पन्नास दिवे लागले की तेवढेच पतंग पन्नास जागी वाटले जातात. त्यात दिवेही बदलले. मर्क्युरीच्या दिव्यातून अतिनील प्रकाश भरपूर निघतो, साध्या पांढऱ्या एलईडीतून जवळपास नाहीच. म्हणजे पतंग तेवढेच राहिले तरी एलईडीखालचा खच कमीच दिसणार. (दिव्यांमुळे पतंगांचं नुकसान होतं हेही खरंच, पण तो मुद्दा वेगळा.)

मोजायचंच असेल तर दीड बाय दोन मीटरची पांढरी चादर ताणून बांधा. कडेला शिवणकामाची टेप टाचून ठेवा, म्हणजे फोटोत माप येतं. पुढे एका ठरावीक अंतरावर एकच बल्ब. सूर्यास्तानंतर एक तासाने लावायचा, दोन तास ठेवायचा, दर अर्ध्या तासाला एकाच जागेवरून फोटो. नावं नकोत, एक सेंटीमीटरपेक्षा लहान, एक ते तीन, तीनपेक्षा मोठे, एवढे तीन गट पुरे. अमावास्येच्या आगेमागे तीन-तीन रात्री धरा, कारण चांदण्यात पतंग दिव्यावर कमी येतात. तापमान, वारा आणि ढग लिहायला विसरू नका. काम झालं की बल्ब बंद करा, नाहीतर चादरीवर बसलेले पतंग सकाळी पक्ष्यांच्या आयते तोंडी जातात.

हिशेब बिघडवतात ते वाळवीचे पंखवाले. एका रात्रीत शेकड्यांनी येतात आणि वर्षाची सरासरी कुठच्या कुठे नेतात. त्यांचा रकाना वेगळाच ठेवा.

दोन_ठिपके
काचेवरची आठवण तितकीशी कच्ची नाही. डेन्मार्कमध्ये रस्त्याच्या दोन ठरावीक टप्प्यांवर १९९७ ते २०१७ दरवर्षी काचेवरचे किडे मोजले गेले. एका टप्प्यावर घट सुमारे ८० टक्के, दुसऱ्यावर ९७. पण तिथे टप्पे ठरलेले होते आणि वेग, वेळ, तापमान, वारा हेही हिशेबात धरले होते. आठवणीत यातलं काहीच नसतं.

घरी करायचं तर काच सोडा, नंबरप्लेट धरा. काचेचा उतार गाडीगणिक वेगळा, प्लेट साधारण उभी आणि ठरावीक मापाची. निघण्याआधी ओल्या फडक्याने पुसायची, किलोमीटर लिहायचे, पोहोचल्यावर डाग मोजून दर किलोमीटरला किती ते काढायचं. पाऊस लागला तर ती फेरी बाद. शहरातली रडतखडत फेरी आणि मोकळ्या रस्त्यावरची फेरी एकत्र मिसळू नका.

नावं येत नाहीत याची लाज नको. जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या कीटक-अभ्यासकांनी १९८९ ते २०१६ या काळात ६३ संरक्षित जागांवर तंबूसारखे सापळे लावले आणि बाटलीत जमा झालेल्या किड्यांचं सरळ वजन केलं. उडणाऱ्या कीटकांचं वजन ७५ टक्क्यांहून जास्त घटलेलं निघालं. वजनाची खोट एवढीच, की दोन जाडजूड भुंगे शंभर चिलटांना भारी पडतात.

आणि सरसकट 'सगळे किडे संपले' म्हणू नका. २०२० साली जगभरातल्या अनेक नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा जमिनीवरचे कीटक दर दशकाला सुमारे ९ टक्के घटताना दिसले, तर गोड्या पाण्यातले सुमारे ११ टक्के वाढताना.

शांतताप्रेमी
रातकिड्यांबद्दल कोणी बोललं नाही. इथे किडे जाण्याआधी कान जातात. वयाबरोबर आधी उंच पट्टीचं ऐकू येणं कमी होतं. साध्या रातकिड्याची किरकिर चार-पाच हजार हर्ट्झच्या आसपास असते, ती बहुतेकांना ऐकू येते. पण लांब मिशांच्या हिरव्या नाकतोड्यांपैकी बरेच दहा हजारांच्या वर वाजतात. साठीतला माणूस 'ते गेले' म्हणतो आणि शेजारी बसलेल्या दहा वर्षांच्या पोराचे कान किटलेले असतात!

यावर उपाय फोनचा. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये (म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या), 'सॅम्पल रेट' ४४.१ किलोहर्ट्झ ठेवून, 'नॉइज रिडक्शन' बंद करून. ते चालू राहिलं तर फोन किरकिरीलाच गोंगाट समजून पुसतो. एकच जागा, एकच वेळ, पाच मिनिटं. मग स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज कधी वाजला हे दाखवणारं चित्र, काढा. जे कानाला ऐकू येत नाही ते आडव्या पट्ट्यांसारखं दिसतं. फोन बदलला तर आधी दोन्ही फोन शेजारी ठेवून एकदा रेकॉर्ड करून घ्या.

टिपणवही
हे कानाचं डोक्यातच आलं नव्हतं. दिवसा काय मोजावं? काजवे कसे मोजायचे? आणि किती वर्षं?

दोन_ठिपके
दिवसा दोन गोष्टी. पन्नास बाय पन्नास सेंटीमीटरची चौकट फुलांवर धरून दहा मिनिटांत फुलावर बसलेले किडे मोजा. आत फुलं किती तेही लिहा, नाहीतर फुलं वाढली की किडे वाढल्यासारखे वाटतात. दुसरं, ठरलेल्या वाटेवरून संथ चालत डावी-उजवीकडे अडीच-अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर एवढ्यातलीच फुलपाखरं मोजायची. मागून आलेलं धरायचं नाही. ब्रिटनमध्ये १९७६ पासून याच पद्धतीने मोजणी चालू आहे.

काजव्यांसाठी पंधरा मिनिटं अंधारात बसा, फोन खिशात. मग दहा सेकंदांत दिसलेल्या चमका मोजा, तीनदा. गवतात शिरायचं नाही, अळ्या आणि कित्येक जातींच्या बिनपंखी माद्या खालीच असतात. काजव्याचं बहुतेक आयुष्य अळीरूपात ओल्या जमिनीत गोगलगायी, गांडुळं खात जातं. म्हणून यंदा दिसलेले काजवे गेल्या एक-दोन वर्षांतल्या जमिनीचा हिशेब सांगतात.

वर्षं दहा तरी हवीत. कीटकांची संख्या एका वर्षात कित्येक पटींनी वरखाली होते. भरघोस वर्षी सुरुवात केलीत तर पुढची पाच वर्षं घटच दिसेल आणि तुम्ही उगाच हादराल.

टिपणवही
दहा वर्षांत चादरीपुढचा बल्ब उडाला तर?

रातवा
उडायच्या आधीच सोय करायची. सुरुवातीलाच एकाच खोक्यातले चार घ्या, वॅट आणि छाप वहीत लिहा. शेवटचा बल्ब लावलात की त्याच मोसमात नव्या जातीचा आणून एक रात्र जुना, एक रात्र नवा अशा दहा रात्री मोजा आणि दोन्हींचं गुणोत्तर वहीत लिहा. जुना उडाल्यावर हे करता येत नाही. मग मागचे आकडे एकीकडे आणि पुढचे दुसरीकडे.