पर्लिन नॉईज सगळीकडे शून्यच का येतोय?
वर विचारलंय की पर्लिन नॉईजचा (डोंगर-दऱ्यांसारखे नैसर्गिक दिसणारे चढउतार गणिताने बनवायच्या पद्धतीचा) कोड जसाच्या तसा उतरवूनही अख्खा नकाशा एकाच करड्या रंगाचा का येतो. कोड बहुतेक बरोबरच आहे हो, तुम्ही त्याला पिक्सेलचे पूर्णांक देताय. जाळीच्या प्रत्येक पूर्णांक बिंदूवर या नॉईजची किंमत शून्यच असते, त्याची रचनाच तशी आहे. क्ष आणि य दोन्हींना ०.०५ ने गुणून बघा, डोंगर-दऱ्या लगेच दिसायला लागतील.

मग पुढचा खड्डा. त्यात माझ्या दोन रात्री गेल्यात. क्ष किंवा य ऋण असतो त्या बाजूला नुसतं इंट केलं (दशांश भाग कापून टाकला) की -०.३ चा ० होतो, -१ नाही. उरलेला अपूर्णांकही ऋणच राहतो, फेडचा वक्र (एका जाळीबिंदूकडून दुसऱ्याकडे हळुवार नेणारा) ० ते १ च्या बाहेर पळतो आणि सपाट माळावर मधूनच सुळके उभे राहतात. तिथे फ्लोअरच हवं, म्हणजे नेहमी खालचा पूर्णांक.

फेडसाठी या नॉईजचे जनक केन पर्लिन यांनी २००२ मध्ये सुचवलेला पाचव्या घाताचा वक्र घ्या (सहगुणक ६, -१५, १०). जुन्या तिसऱ्या घाताच्या वक्राचं दुसरं डेरिव्हेटिव्ह (उतार किती वेगाने बदलतो ते) जाळीच्या चौकटीच्या कडेला उडी मारतं. साध्या चित्रात ते कळत नाही, पण बंप मॅपिंग (सपाट पृष्ठभागावर उंचवट्यांचा भास) करून प्रकाश टाकलात की चौकटी उमटतात.