जुन्या नोंदी काढायला ‘डिलीट’ वापरूच नये (चर्चा)

रेपियर
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं सॉफ्टवेअर बघतो. ९६ माग आहेत. प्रत्येक मागाचा सेन्सर दर ५ सेकंदाला एक ओळ पाठवतो: माग क्रमांक, वेळ, पिक (आडव्या धाग्याच्या फेऱ्या), आणि माग थांबला असेल तर कारण. दिवसाला साडेसोळा लाख ओळी, वर्षाला साठ कोटी. ओळीला १०० बाइट धरले तरी ६० जीबी झाले. डेटाबेस मायएसक्यूएल, त्यात डेटा साठवणारं इंजिन इनोडीबी. मालकांना तीन महिन्यांपलीकडचं काही लागत नाही.

आधीच्या व्हेंडरने साफसफाईला एका ओळीची क्वेरी ठेवलीय: नव्वद दिवसांपेक्षा जुनं ते सगळं डिलीट. एकच ट्रॅन्झॅक्शन, म्हणजे सगळं एकदम पक्कं (कमिट), नाहीतर काहीच नाही. प्रत्येक ओळीची जुनी प्रत अनडू लॉगमध्ये (बदल उलटवायच्या नोंदीत) जाते, प्रत्येक इंडेक्समधली (शोधायच्या सूचीतली) नोंद काढावी लागते, आणि कमिट होईपर्यंत त्या सगळ्या ओळी लॉक. मध्येच कंटाळून क्वेरी मारली तर रोलबॅक (केलेलं सगळं उलटवणं) सुरू होतो, आणि तो डिलीटपेक्षाही जास्त वेळ खाऊ शकतो. एवढं करून फाइल डिस्कवर तेवढीच जाडजूड, कारण डिलीटने जागा ऑपरेटिंग सिस्टिमला परत मिळत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. जो डेटा तारखेने येतो आणि तारखेनेच जातो, त्याला डिलीट हे हत्यारच नाही. महिन्याचं एक पार्टिशन (टेबलाचा वेगळा भाग) करा आणि जुनं ड्रॉप करा. त्या महिन्याची फाइलच उडते, ओळी एकेक करून मोजत बसावं लागत नाही. कुणाला पटत नसेल तर बोला.

कडकभाकरी
एवढं कशाला करूलालाय बे? पाच-पाच हजारांच्या तुकड्यांनी डिलीट लाव, दोन तुकड्यांत सेकंदभर थांब, रात्री क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा) सोडून दे. दिवसाला साडेसोळा लाख म्हणजे ३३२ तुकडे. तुकड्याला दोन सेकंद धरले तरी चहा पिऊन येईपर्यंत संपतं.

पार्टिशनची भानगड तू सांगितलीच नाहीस. मायएसक्यूएलमध्ये प्रायमरी की (ओळीची मुख्य ओळख) धरून प्रत्येक युनिक कीमध्ये (जिची किंमत दोन ओळींत सारखी चालत नाही) पार्टिशनचा कॉलम असावा लागतो. म्हणजे नुसत्या आयडीवरची प्रायमरी की मोडून आयडी अधिक तारीख अशी करायची. शिवाय पार्टिशन केलेल्या इनोडीबी टेबलावर फॉरेन की (दुसऱ्या टेबलाशी जोड) चालत नाही. आणि आहे ते टेबल पार्टिशनमध्ये बदलायचं म्हटलं की अख्खं टेबल नव्याने लिहिलं जातं, तेवढीच मोकळी जागा डिस्कवर लागते. जागा संपत आली म्हणून तर तू हे सगळं करतोयस ना?

रेपियर
रोजचं गणित बरोबर आहे. साठलेल्याचं काय? एका वर्षाच्या साठ कोटी ओळी म्हणजे एक लाख एकवीस हजार तुकडे. तुझ्याच दोन सेकंदांनी पावणेतीन दिवस अखंड. तेवढा वेळ रेप्लिकाही (मुख्य सर्व्हर गेला तर कामाला येणारी दुसरी प्रत) तेच चघळत बसणार.

कडकभाकरी
बसू दे की. वर्षभर पडून राहिलेला डेटा पावणेतीन दिवसांनी गेला म्हणून काय आभाळ कोसळणार आहे? रात्री चालव, पहिल्या पाळीला बंद कर, आठवडाभरात होईल. फक्त तारीख आणि लिमिट (एका वेळी किती ओळी) एवढ्यावर तुकडे पाडू नकोस. काढलेल्या ओळी इंडेक्समध्ये खूण होऊन तशाच पडलेल्या असतात, मागून पर्ज होतात (खरोखर पुसल्या जातात), आणि पुढचा प्रत्येक तुकडा त्यांच्यावरूनच चालत जातो. आयडी चढता आहे, म्हणजे सीमेचा आयडी एकदा शोधून ठेव आणि आयडीच्या पट्ट्यांनी पुढे सरक. जागेचं म्हणशील तर रिकामी पानं इनोडीबी नव्या ओळींना वापरतंच. फाइल लहान होत नाही, पण वाढायची थांबते.

होटगीरोड
दोघेही लांबच्या वाटेने चाललात. तीन महिने ठेवायचे आणि बाकीचं फेकायचं, तर जे ठेवायचं तेवढंच उचला ना! त्याच रचनेचं रिकामं टेबल करा, त्याचा आयडी जुन्याच्या बराच पुढून सुरू करा, आणि एकाच रिनेम आदेशात दोघांची नावं बदला. ही अदलाबदल एका झटक्यात होते, सेन्सरच्या ओळी लगेच नव्यात पडायला लागतात. मग मागचे तीन महिने सावकाश भरा, खात्री झाली की जुनं टेबल ड्रॉप. भरणं पूर्ण होईपर्यंत रिपोर्ट अर्धवट दिसतील हे मालकांना आधी सांगा, नाहीतर सकाळी सकाळी फोन. जुन्या टेबलाकडे बोट दाखवणाऱ्या फॉरेन की मात्र नाव बदललं तरी त्यालाच चिकटून राहतात, त्या आधी बघून घ्या.

आणि नवं टेबल करणारच आहात, तर ते पार्टिशनचंच करा. भाकरीबुवांचा डिस्कचा मुद्दाही मिटला.

जमाखर्च
मी कारखान्यांचे हिशेब बघते, तुमच्या इंजिनातलं मला कळत नाही. पण तीन महिने पुरतात हे ठरवलं कुणी? मागावरच्या कामगाराची मजुरी पिकांवर असते. दिवाळीच्या बोनसला तो म्हणाला की श्रावणात माझे पिक कमी धरले, तर दाखवणार काय? जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायचे असतात. कंपनी असेल तर २०१३ च्या कायद्याने आठ आर्थिक वर्षं. सेन्सरची ओळ म्हणजे हिशेबाची वही नव्हे, मान्य. पण तिच्यावरूनच मजुरीचा आकडा निघत असेल तर विचारून काढा.

रेपियर
ताई, मुद्दा रास्त आहे. माग आणि पाळीनुसार बेरीज वेगळ्या टेबलात ठेवतो: पिक, थांबलेली मिनिटं, कारणं. ९६ माग, दोन पाळ्या, म्हणजे वर्षाला ७०,०८० ओळी. त्या दहा वर्षं ठेवल्या तरी कुणाला त्रास नाही. पाच-पाच सेकंदांचं जपून ठेवण्यात मात्र अर्थ नाही.

जमाखर्च
चालेल. बेरीज ताळ्यासाठी मजुरीपत्रकाशी जुळवून घ्या, आणि मगच काढा.

विजापूरवेस
आम्ही पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर. तिथे डिलीटला लिमिट लावता येत नाही, आणि काढलेली ओळ व्हॅक्यूम (तिथली साफसफाई) येईपर्यंत जागा धरून बसते. व्हॅक्यूम फुल लावला तर टेबल पूर्ण बंद, वाचतासुद्धा येत नाही. त्यामुळे माझं मत रेपियरच्या बाजूने. आवृत्ती १४ पासून पार्टिशन वेगळं काढतानाही टेबल चालू ठेवता येतं.

कडकभाकरी
मायएसक्यूएलमध्ये तेवढं सुख नाही. ड्रॉप पार्टिशनला मेटाडेटा लॉक (टेबलाच्या रचनेवरचं कुलूप) लागतो. कुणाचा तासभराचा रिपोर्ट त्या टेबलावर चालू असेल तर ड्रॉप त्याच्यामागे थांबणार, आणि ड्रॉपच्या मागे नवी येणारी प्रत्येक क्वेरी. ९६ मागांच्या ओळी रांगेत. लॉक वेट टाइमआउटची (लॉकसाठी किती थांबायचं त्याची) मूळ किंमत ३,१५,३६,००० सेकंद आहे, म्हणजे वर्षभर! माझा तुकडा फार तर स्वतःच्या पाच हजार ओळी अडवतो. आणि पुढच्या महिन्याचं पार्टिशन करायचं राहिलं तर? एक तारखेला रात्री बारा वाजता सगळे इन्सर्ट फेल.

रेपियर
ड्रॉपच्या सेशनला टाइमआउट पाच सेकंद ठेवतो. नाही मिळाला लॉक तर दहा मिनिटांनी पुन्हा. पार्टिशन तीन महिने पुढची करून ठेवतो, आणि दोनपेक्षा कमी उरली की मेसेज येतो. तासभराचा रिपोर्ट रेप्लिकावर हलवतो, तो मुख्य सर्व्हरवर चालायलाच नको होता.

होटगीरोड
रेप्लिकावर तोच ड्रॉप पोचला की तिथेही त्याच रिपोर्टमागे थांबणार, आणि रेप्लिका तेवढा वेळ मागे पडणार.

रेपियर
पडू दे. रिपोर्ट संपला की गाठते. माग रेप्लिकाशी बोलत नाहीत.

कडकभाकरी
आणि त्याच वेळी मुख्य सर्व्हर गेला तर? मी तुकड्यांवरच आहे.