‘गोरगरीब’ हा शब्द पत्रकातून काढावा का?

सुरंगी:
दर जूनला आमच्या वाडीत मुंबईकर मंडळाचं वह्यावाटप असतं. पत्रकावर यंदाही तेच, ‘गोरगरीब व होतकरू विद्यार्थ्यांना मोफत वह्या’. मुलांना एकेक करून पुढे बोलावतात, हातात गठ्ठा देऊन फोटो काढतात आणि खाली हीच ओळ टाकून गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरवतात. सातवीतल्या मुलीला ती वाचता येते, तिच्या वर्गातल्यांनाही येते. नुसतं ‘विद्यार्थ्यांना’ लिहिलं तर काय बिघडेल?

खाडीपलीकडचा:
शब्दावर राग कशाला? ‘कंगाल’ म्हणणं आणि ‘गोरगरीब’ म्हणणं यात फरक आहे. गोरगरिबांच्या तोंडचा घास काढू नये, असं आजी म्हणायची तेव्हा त्यात मायाच होती. आणि मंडळाला देणग्या मागायच्या असतात. नुसतं ‘विद्यार्थ्यांना’ वाचून पावती कोण फाडणार?

सुरंगी:
माया होतीच. पण आजी कुणा एकाकडे बोट दाखवून म्हणत नव्हती. हा शब्द घोळक्याचा आहे, ‘तू गोरगरीब’ असं कुणी एकाला म्हणत नाही. फोटोखाली नेमकं तेच होतं.

निवृत्त तलाठी:
नोकरी सातबाऱ्यात गेली म्हणून लिहितो. आपल्याकडे गरिबाची ओळख म्हणजे ‘कूळ’, दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा. खोताकडे, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराकडे, वेठीला जायचं ते कूळ, मान खाली घालून. 1933 ला अलिबागकडे चरी गावच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. 1937 ला बाबासाहेबांनी खोती रद्द करायचं विधेयक मांडलं, कायदा व्हायला 1949 उजाडलं. पुढे 1 एप्रिल 1957 ला, कृषकदिनी, कायद्याने कूळ हे कसत्या जमिनीचं मानीव खरेदीदार झालं, म्हणजे जमीन त्यानेच विकत घेतली असं धरलं गेलं. त्यानंतर ‘आम्ही कुळं आहोत’ म्हणत माणसं ताठ मानेने कचेरीत आलेली मी पाहिली आहेत. शब्द तोच, फक्त त्याला हक्क चिकटला. अंत्योदय कार्डावरच्या महिन्याच्या 35 किलो धान्याबद्दल दुकानदाराला जाब विचारता येतो. गोरगरीब म्हणून मिळालेल्या वहीबद्दल कुणाला विचारणार?

कातळसडा:
मी त्याच वह्यांवर शिकलो. शब्दाचं काही वाटलं नाही. पाहुण्यांची भाषणं संपेपर्यंत उन्हात उभं राहायला लागायचं, त्याचं वाटायचं.

खाडीपलीकडचा:
तलाठीभाऊंचं पटतं, पण अर्धंच. हक्क मिळेपर्यंत पोरांनी लिहायचं कशावर? आणि ‘गोरगरीब’ काढून सरसकट वाटप केलंत तर बाजारपेठेतल्या शाळेतच गठ्ठे संपतील. वर धनगरवाड्यापर्यंत काय पोचणार? तो शब्द निदान कुणासाठी वाटताय याची आठवण तरी देतो.

सुरंगी:
मग धनगरवाड्याच्या शाळेचं नाव घाला. ‘पहिली ते सातवीच्या सगळ्या मुलांना’ असं लिहा आणि पहिले गठ्ठे तिथेच पाठवा. देणगीदारांना शाळेची पोच द्या, मुलांचे फोटो नकोत. मंडळाच्या पुढच्या सभेत मी हे लेखी देणार आहे. पटत असेल त्यांनी सही करावी.