गावातली बँक गेली, सोबत काय काय गेलं?

माणकाठची: एप्रिल 2020 मध्ये दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. त्यानंतर वर्षभरात आमच्या गावची शाखा अठरा किलोमीटरवरच्या तालुक्याच्या शाखेत गेली. अकराच्या एसटीने जायचं, चारच्या एसटीने परत. पूर्वी आसपासच्या वाड्यांवरची माणसं सोमवारी बँकेचं काम उरकून आमच्याच बाजारात भाजी घ्यायची. आता बाजारही तालुक्यालाच करून येतात. भाजीवाल्या निम्म्याही बसत नाहीत.

रोजंदारी: ताई, शाखा होती तेव्हाचंही आठवा. 1969 ला 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, पण माझ्या आईचं पहिलं खातं उघडलं ते जनधनमध्ये, 2014 नंतर. स्लिप भरून द्या म्हणून ती कोणाकोणाच्या विनवण्या करायची. 'जेवणानंतर या' ऐकून परत आली की त्या दिवसाची मजुरी बुडालेली. आज किराणा दुकानात बँकेच्या वतीने पैसे देणारा बँकमित्र आहे, त्याच्याकडे अंगठा लावते, संध्याकाळी सातलाही पैसे मिळतात. शाखेसाठी मला रडू येत नाही.

शेवंता: अंगठा उमटतो त्यांचं ठीक आहे. माझ्या सासूबाईंनी चाळीस वर्षं विड्या वळल्या, बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत. पदराला बोट पुसतात, मशीनवर दाबतात, पुन्हा पुसतात. चौथ्या वेळी मागची रांग कुरकुरायला लागते. एकदा तर खात्यातून पैसे वजा झाले, हातात आले नाहीत. दुकानदार म्हणाला, शाखेत जा. कुठल्या शाखेत?

कोरडवाहू: सगळे पैसे काढण्यावरच बोलताय. बँकमित्र पीककर्जाचं नवं-जुनं, म्हणजे जुनं भरून नवं कर्ज, करून देत नाही. आमच्या जुन्या साहेबांना कोणाची विहीर आटली, कोणाच्या घरी लग्न आहे हे ठाऊक असायचं. सातबारा बघायच्या आधी ते माणूस बघायचे. आता बायका दर आठवड्याच्या हप्त्याचं गटकर्ज घेतात, कारण ते कर्ज देणारी कंपनी दारात येते आणि बँक येत नाही.

रोजंदारी: कर्जाचं पटलं. आईला शेळ्यांसाठी कर्ज हवं होतं तेव्हा बँकमित्राने हात वर केले होते. पण म्हणून जुनी शाखाच परत मागू नका. बाजारच्या दिवशी एक अधिकारी ग्रामपंचायतीत बसवा म्हणा.

माणकाठची: 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत हाच ठराव मांडते. फक्त त्यात एक ओळ घालणार: येणाऱ्या अधिकाऱ्याने कर्जाचे कागद तिथेच घेऊन पोच द्यावी. नुसतं पासबुक भरून देणारा माणूस नको.