चारचौघांत चुकण्याची सोय

"बुजऱ्या माणसाला काल्पनिक जगात बसवणं ही थेरपी नव्हे, पळवाट," असं रोल-प्लेइंग खेळांतून, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र वठवायच्या खेळांतून, बुजरेपणावर उपचार करण्याबद्दल कुणीतरी म्हटलंय. पण पात्र काल्पनिक असलं तरी टेबलाभोवतीची चार-पाच माणसं खरी असतात. खेळातल्या सरायवाल्याशी घासाघीस करायची तर तोंड उघडावंच लागतं, आणि तेही सगळ्यांदेखत.

भूमिका घेऊन उपचार करणं तसं जुनंच. मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनोने १९२०च्या दशकात व्हिएन्नामध्ये सायकोड्रामाची, म्हणजे प्रसंग नाट्यरूपात साकारून करायच्या उपचाराची, सुरुवात केली. १९७४ साली आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या रोल-प्लेइंग खेळाने भूमिका घेण्यात फाशाची भर घातली (पात्राचा डाव जमला की फसला, हे फासा ठरवतो), आणि माझ्या मते खरी गंमत त्या फाशातच आहे.

अशा एका गटात मी मदतनीस होते. एक मुलगा पहिले तीन आठवडे आपल्या पात्राबद्दल "तो म्हणतो की..." असंच बोलायचा. कुणी टोकलं नाही. चौथ्या खेपेला पहारेकऱ्याला थाप मारताना वीस बाजूंच्या फाशावर नेमका १, म्हणजे सगळ्यात वाईट आकडा, पडला. सगळे खो-खो हसले, तोही हसला. फजिती झाली, पण खापर फाशावर! ज्याला चारचौघांत चुकायचीच धास्ती, त्याला आणखी काय हवं? पुढे कधीतरी "तो म्हणतो"चं "मी म्हणतो" झालं, आम्हाला पत्ताही लागला नाही.

अर्थात नुसतं खेळून भागत नाही. शेवटची वीस मिनिटं फासे बाजूला ठेवून बोलायचं: पहारेकऱ्यासमोर छाती धडधडली का? कॉलेजच्या खिडकीवर फॉर्म देताना अशीच धडधडते का? थेरपिस्ट लागतो तो इथे. हे गाळलं तर ती आपली शनिवारची मित्रांची बैठक. तीही वाईट नाही म्हणा.